सापांची शेती आणि पोरांचे भवितव्य

गेल्या पंधरवड्यात आमच्या टपालात एका पालकाचे पत्र आले. फोंडा तालुक्यातील हे गृहस्थ सरकारी नोकरीत आहेत, घरचे थोडे कुळागर आहे, मुलगा एकुलता एक. तो यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला. गुण बरे आहेत. परंतु पुढे शिकावयाचे नाही, असे त्याने वडिलांस निक्षून सांगितले आहे. त्याला साप पाळावयाचे आहेत, आणि तेही हौस म्हणून नव्हे, धंदा म्हणून. अमेरिकेत अजगरांची पैदास करून लोक बंगले बांधतात, पिंजऱ्यांच्या रांगांपुढे उभे राहून आपल्या मिळकतीचे आकडे सांगतात, हे तो रोज चित्रफितींतून पाहतो. 'तीन वर्षे पदवीत घालविण्यापेक्षा तीच तीन वर्षे माद्या वाढविण्यात घातली तर?' असा त्याचा प्रश्न आहे. वडिलांचा आम्हांस प्रश्न असा की, याला वेड म्हणावे की व्यवसाय, आणि मुलाला सांगावे तरी काय?

दोन ओळींचे खासगी उत्तर लिहून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. परंतु कुत्रे, मासे, पक्षी यांच्या पैदाशीत भांडवल घालू पाहणाऱ्या तरुणांची संख्या वाढत आहे. त्यांतील काहींची नजर आता सापांकडे वळली आहे, आणि अशा मुलांशी बोलावयाचे कसे हे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा जाहीर उत्तर देणेच बरे.

आरंभीच सांगतो की, या मुलाला हसण्याचा अधिकार आम्हां गोमंतकीयांना तरी नाही. वारुळाला, आमच्या रोयणीला, सातेरी मानून कुंकू वाहणारा हा प्रदेश. नागपंचमीला येथे शेतात नांगर घालीत नाहीत, घरात विळी चालवीत नाहीत, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या उकडतात. आणि दुसऱ्याच दिवशी पडवीत धामण दिसली की हाताशी असेल तो दांडा उचलतात. धामण उंदीर खाते, उंदीर भात खातो, हे शाळेच्या पुस्तकात वाचून गुण मिळविलेली माणसेच दांडा उचलण्यात पुढे असतात. या दुटप्पीपणाच्या मानाने सापाला न भिता, न मारता, त्याच्या जवळ बसू पाहणारा मुलगा आम्हांस अधिक शहाणा वाटतो. त्याची आवड खरी आहे. ती मारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो केवळ त्या आवडीवर चूल पेटेल काय, हा.

प्रथम अमेरिकेचा धंदा काय आहे ते पाहू. कारण तो चित्रफितीत दिसतो तसा नाही. त्या व्यापाराचा कणा म्हणजे 'बॉल पायथन' नावाचा पश्चिम आफ्रिकेतील लहान अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवितो, म्हणून हे नाव. बिनविषारी, संथ, हाताळावयास सोपा. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो हजारोंनी परदेशी गेला. रानात क्वचित जन्मणारे चमत्कारिक रंगाचे एखादे पिल्लू हाती लागले, आणि तो रंग पुढील पिढीत उतरतो असे दिसून आले, तेव्हापासून या धंद्याला जुगाराचे रूप आले. १९९२ साली पिवळ्यापांढऱ्या अंगाचा, लाल डोळ्यांचा अजगर प्रथम पिंजऱ्यात पैदा झाला. पाठोपाठ ठिपक्यांचे, पट्ट्यांचे, अर्धे पांढरे असे नवनवे वाण आले. आरंभी अशा एकेका जनावराला हजारो डॉलर मोजणारे लोक होते. आज त्यांतील बहुतेक वाण काही शे डॉलरांत किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात.

भाव कोसळले याला कोणाचा कट कारण नाही. ते या मालाच्या स्वभावातच आहे. बांगडा खाणारा माणूस दोन दिवसांनी पुन्हा बाजारात येतो. अजगर विकत घेणारा वीस-पंचवीस वर्षे फिरकत नाही, कारण जनावर तितकी वर्षे जगते. शिवाय विकलेली जोडी गिऱ्हाइकाच्या घरी तीनेक वर्षांत स्वतःच पिल्ले घालू लागते. म्हणजे येथे पैदासकार माल विकत नाही, कारखाना विकतो. प्रत्येक विक्रीबरोबर तो एक प्रतिस्पर्धी निर्माण करतो. जे आरंभी आले, ज्यांच्या हाती नवा रंग पहिल्यांदा लागला, त्यांनी पैसा केला हे खरे. चित्रफिती त्यांच्याच आहेत. मागाहून आलेल्यांनी त्यांच्याकडून महागड्या माद्या घेतल्या, आणि माद्या वयात येईतो बाजार उतरला.

मुलाला हिशेब आवडत असेल तर त्याने पुढील हिशेब कागदावर मांडावा. मादी वयात यावयास सुमारे तीन वर्षे लागतात आणि तिचे वजन दीड किलोच्या आसपास व्हावे लागते. ती दर वर्षी अंडी घालीलच असे नाही. घातली तर साधारण चार ते सहा. ती सुमारे ३१-३२ अंश उष्णतेत, ओल राखून, आठ-नऊ आठवडे उबवावी लागतात. समजा दहा माद्यांपैकी सात जणींनी अंडी घातली आणि चाळीस पिल्ले हाती आली. प्रत्येक पिल्लू आठवड्याला एक लहान उंदीर खाते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन महिने गेले तरी तीनशेवीस उंदीर झाले; थोरांचे निराळे. म्हणून साप पाळणारा माणूस मुख्यतः उंदीर पाळणारा होतो, ही गोष्ट चित्रफितीत सहसा सांगत नाहीत, आणि उंदरांच्या खोलीचा वास तर चित्रफितीत येतच नाही. पिल्ले साध्या रंगाची असतील तर नगास पन्नास डॉलर मिळणेही कठीण. मिळाले असे धरले तरी चाळीस पिल्लांचे दोन हजार डॉलर, म्हणजे त्या देशातील दुकानातल्या साध्या नोकराचा सुमारे एका महिन्याचा पगार. त्यातून वीज, पिंजरे, उंदीर, औषधे वजा करावयाची आणि उरलेल्यावर वर्ष काढावयाचे. अमेरिकेत हा उद्योग करणारे बहुसंख्य लोक दिवसा दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सापांकडे पाहतात, ते याच कारणाने.

या धंद्याला आणखी एक बाजू आहे, आणि सापांवर खरेच प्रेम असलेल्या मुलाने तिचा विचार आधी करावा. 'स्पायडर' नावाचा एक वाण १९९९ पासून पुढे आला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी सुंदर नक्षी. परंतु ज्या जनुकामुळे ती नक्षी येते त्याच्याच पोटी जनावराचे डोके डुगडुगते, तोल जातो, काहींना भक्ष्य नेमके धरताही येत नाही. हे ठाऊक होऊनही वर्षानुवर्षे तो वाण विकला गेला, इतर वाणांत मिसळला गेला. बाजाराला नक्षी हवी होती. प्रेमाचे रूपांतर व्यापारात झाले की पहिला बळी प्रेमाच्या विषयाचाच पडतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

जेथे हा धंदा कायदेशीर आहे तेथेही कायदा कधी पालटेल याचा नेम नाही. फ्लोरिडात पाळलेले बर्मी अजगर सुटले किंवा लोकांनीच कंटाळून सोडले, ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत माजले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील रॅकून आणि ओपॉसम हे प्राणी दिसण्याचे प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने बर्मी अजगरासह चार जातींची आयात व राज्याराज्यांतील वाहतूक बंद केली. २०१५ मध्ये यादी वाढविली. २०१७ मध्ये न्यायालयाने वाहतुकीवरील बंदी बव्हंशी काढून टाकली. आणि २०२१ मध्ये फ्लोरिडा राज्याने स्वतःपुरती अशा जातींची व्यापारी पैदासच थांबविली. या नऊ वर्षांत ज्यांनी मोठ्या अजगरांत पैसा गुंतविला होता त्यांची झोप कशी उडाली असेल याची कल्पना करावी. चीनमधील झीसीछ्याव या गावाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९८० नंतर त्या गावाने घरोघरी सापांची पैदास सुरू केली. मांस, कातडी, औषधे यांसाठी वर्षाकाठी लक्षावधी साप तेथून जात. कोरोनाची साथ पसरताच २०२० च्या फेब्रुवारीत चीनने वन्य प्राण्यांचे मांस खाण्यावर बंदी घातली आणि त्या धंद्याचा मोठा आधार एका ठरावाने गेला. पदवी घेतलेल्याची नोकरी जाते तेव्हा पदवी तरी हाती उरते. ज्याच्या घरात हजार साप आहेत आणि गिऱ्हाईक नाही, त्याच्या हाती काय उरते?

आता आपल्या देशाकडे वळू. येथे प्रश्न नफ्यातोट्याच्या आधी कायद्याचा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नाग, घोणस, धामण, अजगर यांसारख्या आपल्या सापांना पकडणे यालाच 'शिकार' म्हणतो; सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूसही त्यात येते. असे साप घरात ठेवणे, विकणे, वाढविणे खासगी माणसाला मना आहे. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही वाढविला. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालय किंवा सरकारी परवान्याची संशोधनसंस्था सोडली तर देशी सापांच्या पैदाशीला भारतात दार नाही.

मुलगा हुशार आहे, तो येथे म्हणेल की परदेशी साप चालतात. अर्धे खरे आहे. त्याच दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्राण्यांची वेगळी अनुसूची केली, आणि २०२४ च्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सारे कळवावे लागते. परंतु नोंदणीची सोय म्हणजे बाजारपेठ नव्हे. पहिली जोडी आणावयाची तर परदेशी व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि मुख्य वन्यजीव रक्षकांची ना-हरकत हवी. ती नसलेले जनावर विमानतळावर बॅगेतून आलेले असण्याचाच संभव अधिक. कागद नसलेल्या मालावर उभा केलेला धंदा कधी कोसळेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि देशात सापांचा जो व्यापार खरोखर चालतो त्याची जात कोणती आहे? मांडूळ, लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात, तो गुप्तधन दाखवितो, अमुक किलो भरला की कोटीला जातो, अशा थापांवर महाराष्ट्र-कर्नाटकात टोळ्या चालतात. पकडले जातात ते बहुधा विशी-पंचविशीतले तरुण. कोटी रुपये देणारा गिऱ्हाईक मात्र कोणी पाहिलेला नसतो. केरळात कोल्लम जिल्ह्यात २०२० साली एका इसमाने पत्नीच्या खुनासाठी साप पकडणाऱ्याकडून नाग विकत घेतला. २०२१ मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली. ज्याने नाग विकला त्याला खुनाची कल्पना होती की नव्हती हा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवला तरी विषारी जनावर विकण्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा हेतू विकणाऱ्याला कधीच दिसत नाही, ही गोष्ट उरतेच.

राहिले विषाचे स्वप्न. सापाच्या विषाला सोन्याहून अधिक भाव आहे हे वाक्य प्रत्येक सर्पवेड्या मुलाच्या तोंडी असते. भाव आहे, पण विकावयाचा अधिकार कोणाला आहे? १९७६ साली सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली तेव्हा तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या पोटावर पाय आला. पिढ्यान् पिढ्या साप पकडणे हीच त्यांची विद्या. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली, आणि परवान्याने ठरावीक साप पकडावयाचे, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढावयाचे, पोटाच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडावयाचे, अशी पद्धत सुरू झाली. प्रतिसर्पविष बनविणाऱ्या देशातील कारखान्यांना लागणारे बहुतेक विष या एका संस्थेकडून गेले आहे. तिच्यातील दोघा जाणकारांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पदवी नसलेल्या ज्ञानाचा तो योग्य गौरव होता. परंतु ते ज्ञान जमातीचे होते, परवाना संस्थेचा होता. एकट्यादुकट्या खासगी माणसाला घरामागील खोपीत विष काढून विकता येईल असा अर्थ त्यातून निघत नाही.

तरीही येथेच, या विषाच्या गोष्टीत, मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर दडलेले आहे असे आम्हांस वाटते. भारतातील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींच्या विषांवर बनते. आपल्या सह्याद्रीत याखेरीज चापडा आहे, नकट्या चापडा आहे; त्यांच्या दंशावर ही लस उपयोगी पडत नाही. दुसरे असे की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत निराळे असते, आणि पूर्वेकडील किनाऱ्यावरच्या सापांच्या विषापासून केलेली लस इतरत्र तितकी लागू पडत नाही, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने गेल्या काही वर्षांत दाखवून दिले आहे. म्हणजे प्रत्येक प्रदेशाचे साप, त्यांची नोंद, त्यांचे विष, आणि पकडून आणण्याऐवजी निगराणीत जन्मलेले, निरोगी, वय व मूळ ठाऊक असलेले साप यांची देशाला गरज आहे. सर्पपैदास हा शब्द येथे प्रथमच आपल्या खऱ्या जागी बसतो. ब्राझीलच्या साओ पावलोत बुतांतान संस्था १९०१ पासून हे काम करीत आहे. बँकॉकच्या राणी सावभा संस्थेने १९२३ साली सर्पालय काढले आणि आजही ते चालू आहे. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेलाही या कामाची जुनी परंपरा आहे. ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातूनच पुढे रक्तदाबावरील 'कॅप्टोप्रिल' हे औषध निघाले. आज जगातील कोट्यवधी माणसे त्या कुळातील गोळ्या रोज घेतात. कदाचित पत्र लिहिणारे वडीलही घेत असतील.

या सर्व ठिकाणी सापाला हात लावणाऱ्या माणसाला पदवी लागते. पदवीवाचून मोठे काम करणारे नसतात असे नव्हे. रोम्युलस व्हिटेकर यांचे नाव या संदर्भात प्रत्येक मुलगा घेतो. त्यांनी मद्रासला सर्पोद्यान काढले, १९७६ साली मगरपेढी उभी केली, इरुळांच्या संस्थेला हात दिला, २०१८ मध्ये पद्मश्री मिळविली. विद्यापीठाच्या वर्गात ते फार रमले नव्हते. परंतु तरुणपणी ते अमेरिकेतील मायामीच्या सर्पालयात राबले होते, हे मुलांच्या गोष्टीत गळते. आणि ते दिवस असे होते की देशात हे क्षेत्रच कोरे होते. पहिला नांगर घालणाऱ्याला सातबारा विचारीत नाहीत. आज प्रत्येक पदासाठी शेकडो अर्ज असतात.

तेव्हा त्या मुलाने शिकावे. काय शिकावे याचा निर्णय त्याच्या प्रकृतीवर सोडावा, तथापि दोन-तीन वाटा स्पष्ट आहेत. प्राणिशास्त्राची पदवी ही सर्वांत सरळ. तिच्या पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा किंवा बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही प्राणिशास्त्र चालते. रसायनात गती असेल तर जीवरसायन आणि औषधशास्त्र. विषाचे खरे संशोधन आता प्रयोगशाळेत चालते, पिंजऱ्याजवळ कमी. आमची स्वतःची पसंती विचाराल तर पशुवैद्यकाची. अभ्यास साडेपाच वर्षांचा आहे आणि तो सोपा नाही. परंतु गाईगुरे, कुत्री-मांजरे यांवर पोट निश्चित भरते, आणि सापाचे तोंड सडले, जबडा मोडला, जाळ्यात अडकून अंग कापले तर त्यावर इलाज करू शकणारा डॉक्टर शोधूनही सापडत नाही. जो होईल त्याला प्राणिसंग्रहालये आणि वनखाती हाक मारतील. एका हाताने संसार, दुसऱ्या हाताने साप, अशी ही वाट आहे.

एवढे सांगून आम्ही पालकांच्या बाजूने निकाल दिला असे कोणी समजू नये, कारण या पत्रातील दुसरा पक्षकार सरकार आहे आणि त्याची बाजू फार दुबळी आहे. आमच्या गावोगावी साप निघाला की ज्या तरुणाला मध्यरात्री फोन जातो, तो बहुधा बिनपगारी असतो. पेट्रोल त्याचे, काठी त्याची, जीव त्याचा. लोक त्याला 'सर्पमित्र' अशी पदवी देतात. हिच्यात खर्च काहीच नाही. दंश झाला तर मात्र इस्पितळाचे बिल त्याच्या बापाने भरावयाचे. केरळने २०२० साली अशा लोकांसाठी नियम केले, प्रशिक्षण दिले, वनखात्याचे प्रमाणपत्र असल्यावाचून सापाला हात लावू नये असे ठरविले, आणि कोणत्या भागात प्रशिक्षित माणूस आहे ते फोनवर पाहता येईल अशी सोय केली. ते राज्यही किनाऱ्याचेच, सह्याद्रीच्या कुशीतलेच. जे त्यांना जमले ते इतरांना का जमू नये?

ही मागणी चैनीची नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. त्यांतील निम्म्याच्या आसपास माणसे तीस ते एकोणसत्तर वयाची, म्हणजे घरातील कमावती. पावपेक्षा अधिक तर पंधरा वर्षांखालची मुले. बहुतांश मृत्यू खेड्यांत, भाताच्या शेतात, बागायतीत, जमिनीवर झोपलेल्या घरांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केला. आराखडा कागदावर उत्तम आहे. तो शेतात उतरविणार कोण? प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला घोणस आणि अजगराचे पिल्लू यांतील फरक दाखविणारा, पावसाळ्यापूर्वी शाळाशाळांतून जाणारा, काजूच्या बागेतील मजुरांना गमबूट घालावयास लावणारा, मांत्रिकाकडे निघालेला रिक्षा इस्पितळाकडे वळविणारा माणूस हवा. ज्याला सापाची ओळख आहे, भीती नाही, आणि शास्त्राचे शिक्षण आहे, असा माणूस. नेमका हाच मुलगा. राज्याने दर तालुक्याला असे एक पद निर्माण केले तर त्याचा पगार सरकारच्या एखाद्या महोत्सवाच्या रोषणाईच्या खर्चातून निघेल. परंतु आजमितीस या मुलाने पदवी घेऊन आमच्याकडे यावे आणि 'आता नोकरी कोठे?' असे विचारावे, तर आमच्याजवळ पुरेसे उत्तर नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याला परदेशी चित्रफितींचा मोह पडतो तो या रिकाम्या जागेमुळेच.

पत्रलेखकांनी मुलाशी भांडू नये. सौदा करावा. प्रवेश घ्यावयाचा, पदवी पुरी करावयाची. त्या बदल्यात सुट्टीच्या दिवशी वनखात्याच्या ओळखीतल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर जाण्यास घरातून मोकळीक राहील. घरात कोणताही साप आणावयाचा नाही. आपल्या हातांनी पकडावयाचा नाही, खात्याला कळवावयाचे. एक वही ठेवावी. कोणता साप, कोणत्या तारखेला, कोठे, पाऊस किती, पोटात काय होते, याची नोंद करावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी असलेला फोंडा तालुक्यातील विद्यार्थी कोणत्याही संशोधनसंस्थेच्या मुलाखतीत रिकाम्या हाताने बसणार नाही. आणि पदवीनंतरही पैदासकार व्हावे असेच त्याला वाटले, तर त्या वेळी तो पिंजरे विकत घेण्याऐवजी पिंजऱ्यांचे शास्त्र ठाऊक असलेला माणूस म्हणून एखाद्या संस्थेच्या दारात उभा राहू शकेल.

पत्राच्या शेवटी वडिलांनी ताजा कलम म्हणून चार ओळी लिहिल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीघरात नाग शिरला होता. शेजारी दांडे घेऊन जमले. मुलगा दारात आडवा उभा राहिला, कोणाला आत जाऊ दिले नाही, आणि वनखात्याचा माणूस येईतो दोन तास तसाच उभा होता. त्या रात्री आपण त्याला खूप बोललो, असे वडील लिहितात, आणि तो उलट एक शब्दही बोलला नाही.